शेजारच्या वाहिनीवर ऐकू येणारा ‘स’: एका एफएम ट्रान्समीटरच्या पातळीचं प्रकरण

तक्रारी दोन होत्या, आणि दोन्ही खऱ्या धरल्या तर हिशेब जुळत नव्हता. केंद्राचे स्वतःचे श्रोते म्हणत होते की आवाज बारीक येतो, हे केंद्र लावलं की व्हॉल्यूम वाढवावा लागतो. शेजारच्या वारंवारतेवरचं दुसरं केंद्र ऐकणारे म्हणत होते की हे केंद्र आमच्यात घुसतं. म्हणजे घरातल्यांना ऐकू येत नाही आणि शेजारी वैतागलेत. त्या शेजाऱ्यांपैकी एकाने लिहिलेलं वाक्य केंद्रप्रमुख मॅडमनी मला फोनवर वाचून दाखवलं: तुमचा निवेदक काय बोलतो ते कळत नाही, पण त्याचा ‘स’ आणि ‘श’ मात्र आमच्या गाण्यात येतो.

निम्मं निदान त्या वाक्यातच होतं. मला ते दोन दिवस उशिरा कळलं.

केंद्र छोटं. स्टुडिओ एकीकडे, ट्रान्समीटर दुसरीकडे टेकडीवर, मध्ये इंटरनेटवरून चालणारी ऑडिओ लिंक. साखळी अशी: मिक्सर, त्यानंतर स्टुडिओतच बसवलेला, आवाजाची पातळी सांभाळणारा ऑडिओ प्रोसेसर, मग लिंकचा एन्कोडर, टेकडीवर डीकोडर, तिथून एक्सायटर (ऑडिओ वाहक लहरीवर चढवणारं यंत्र), पुढे पॉवर अ‍ॅम्प्लिफायर आणि अँटेना. पूर्वीचा एक्सायटर विजेच्या तडाख्यात गेला होता. नवा आला, जोडला आणि केंद्र त्याच संध्याकाळी पुन्हा सुरू झालं. जोडणाऱ्या तंत्रज्ञाने काम मनापासून केलं होतं. १ किलोहर्ट्झचा टोन पाठवून एक्सायटरच्या पडद्यावर बरोबर १०० टक्के आणलं होतं आणि तसं वहीत लिहूनही ठेवलं होतं. पहिले काही दिवस स्टुडिओत सगळे खूश होते, कारण आवाज ‘चकचकीत’ झाला होता. झांजा चमकत होत्या, निवेदकाचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

मग नियामकाच्या मोजणीत डेव्हिएशन, म्हणजे वाहक लहरीची आपल्या जागेवरून होणारी सरक, मर्यादेबाहेर सापडलं. आकडा होता ११८ किलोहर्ट्झ. घाबरून कोणीतरी एक्सायटरमध्ये जाणारा ऑडिओ ४ डेसिबलने खाली ओढला. शेजाऱ्यांची तक्रार कमी झाली, थांबली नाही, आणि आता घरच्यांना आवाज बारीक वाटू लागला. तो भरून काढायला प्रोसेसरचं इनपुट वाढवलं गेलं. त्यातला लिमिटर, म्हणजे ठरलेल्या छताच्या वर काही जाऊ न देणारा भाग, सतत १० ते १२ डेसिबल दाबत राहिला. गाण्याच्या दोन ओळींमधल्या शांततेत खोलीचा घुंई आवाज वर यायचा, ढोलाचा ठोका पडला की गायक मागे जायचा. मी पोचलो तेव्हा ही स्थिती होती.

शंभर टक्के म्हणजे काय

एफएममध्ये ऑडिओ जितका मोठा, तितकी वाहक लहर आपल्या जागेवरून दोन्ही बाजूंना सरकते. प्रसारणात ही सरक ±७५ किलोहर्ट्झ झाली की तिला १०० टक्के म्हणायचं. गंमत अशी की या १०० टक्क्यांवर कुठलीही भिंत नसते. एएममध्ये खालच्या बाजूने १०० टक्के ओलांडले की वाहक लहर तुटते आणि चूक लगेच कानावर येते. एफएमचा ट्रान्समीटर मात्र ९० म्हणा, १२० म्हणा, निमूटपणे सरकतो. तो फक्त रुंद होतो. ढोबळ सूत्राने स्टिरिओ प्रसारणाची रुंदी (७५ + ५३) × २, म्हणजे २५६ किलोहर्ट्झ होते. डेव्हिएशन ११८ झालं की तीच ३४२ वर जाते. स्वतःच्या श्रोत्याला रेडिओच्या फिल्टरने कापलेल्या कडा थोड्या खरखरीत वाटतात एवढंच. बाहेर सांडलेलं शेजाऱ्याच्या वाट्याला येतं.

या ७५ मध्ये वाटेकरी आहेत. १९ किलोहर्ट्झचा पायलट, म्हणजे रेडिओला स्टिरिओची खूण देणारा स्थिर टोन, साधारण ९ टक्के घेतो, म्हणजे ६.७५ किलोहर्ट्झ. ५७ किलोहर्ट्झवर बसणारा आरडीएसचा (रेडिओच्या पडद्यावर केंद्राचं नाव वगैरे दाखवणारा) डेटा इथे २ किलोहर्ट्झवर लावलेला होता. उरले ६६.२५. ऑडिओला यातच भागवायचं आहे. स्टिरिओला दोन चॅनल म्हणून दुप्पट डेव्हिएशन लागत असेल अशी भीती काही जण बाळगून असतात, पण तसं होत नाही. डाव्या-उजव्याच्या बेरजेचा सिग्नल आणि ३८ किलोहर्ट्झवर चढवलेली त्यांची वजाबाकी एकत्र आली की लहर डाव्या आणि उजव्या किमतींमध्ये झपाट्याने झुलते, म्हणून शिखर दोघांतल्या मोठ्याएवढंच राहतं. स्टिरिओची खरी किंमत पायलटपुरतीच.

‘पीक’ म्हटलं की मला शेत आठवतं, म्हणून मी शिखर म्हणतो.

पडदा उशिरा बोलत होता

रात्री प्रसारण संपल्यावर ट्रान्समीटर डमी लोडवर, म्हणजे अँटेनाऐवजी शक्ती जिरवणाऱ्या रेझिस्टरवर, घेतला. पहिला प्रश्न मोजणाऱ्याचा: एक्सायटरचा पडदा आणि माझा मॉड्युलेशन अ‍ॅनालायझर, यांपैकी कोणावर विश्वास ठेवायचा? दोघांच्या वर एक पंच आहे आणि त्याला कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र लागत नाही. एकाच टोनने एफएम करत गेलं की ठरावीक गुणोत्तरांवर मधली वाहक लहर पूर्ण नाहीशी होते. पहिल्यांदा ती डेव्हिएशन टोनच्या २.४०५ पट झालं की जाते, दुसऱ्यांदा ५.५२० पटीवर. हे बेसल फलनाचे शून्यबिंदू आहेत, त्यात घासाघीस चालत नाही. १३.५८७ किलोहर्ट्झचा टोन घेतला तर दुसऱ्या शून्याला डेव्हिएशन बरोबर ७५ असतं.

टोन एक्सायटरच्या एमपीएक्स इनपुटला दिला (एमपीएक्स म्हणजे बेरीज, वजाबाकी आणि पायलट एकत्र केलेला तयार सिग्नल), कारण त्या वाटेवर प्री-एम्फसिस, म्हणजे वरचे सूर उचलणं, नसतं. पायलट बंद, आरडीएस बंद, स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर अरुंद बँडविड्थवर. पातळी हळूहळू वाढवली. मधली रेघ खाली गेली, बुडाली (इथे ३२.७), परत वर आली, पुन्हा बुडाली. इथे मोजणं महत्त्वाचं आहे, कारण पहिल्या बुडीला दुसरी समजून निम्म्याहून कमी मॉड्युलेशनवर समाधान मानून गेलेले लोक मी पाहिले आहेत. दुसऱ्या बुडीला एक्सायटरचा पडदा ७५ दाखवत होता आणि माझं यंत्र ७४.८. दोघेही ठीक.

मग चालू कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग लावलं. पडदा ६० ते ६५ दाखवत राहिला, माझ्या यंत्राचा शिखर धरून ठेवणारा आकडा ८४ वर जाऊन बसला. पडदा खोटं बोलत नव्हता, उशिरा बोलत होता. तो पट्टी गुळगुळीत दिसावी म्हणून सरासरी काढून दाखवतो. स्थिर टोनला सरासरी आणि शिखर यांचं नातं ठरलेलं असतं, म्हणून तिथे तो अचूक. बोलण्यातला ‘स’ काही मिलिसेकंदांत येऊन जातो आणि त्याचं शिखर पट्टी चढायच्या आत संपतं.

८४ चा आकडा कधी चढतो ते पाहत बसलो. ढोलाला नाही, गायकाच्या वरच्या सुराला नाही. बातमीपत्रात, जिथे संगीताचा लवलेश नाही, तिथे चढत होता. ‘शासनाच्या’, ‘सोसायटी’, ‘परिषद’. तेव्हा फोनवरचं ते वाक्य आठवलं.

दोनदा लावलेला मुलामा

एफएमच्या स्वीकारात गोंगाट वरच्या वारंवारतांकडे वाढत जातो. त्यावर उपाय म्हणून प्रसारणाआधी वरचे सूर मुद्दाम उचलतात आणि रेडिओ ते तितकेच खाली आणतो. त्यासोबत गोंगाटही खाली जातो. हेच प्री-एम्फसिस आणि डी-एम्फसिस. युरोपात आणि जगाच्या बऱ्याच भागात ५० मायक्रोसेकंद, उत्तर अमेरिकेत ७५. ५० चा अर्थ: ३.१८ किलोहर्ट्झपासून चढ सुरू, १ किलोहर्ट्झला फक्त ०.४ डेसिबल, ६ ला साडेसहा, १० ला १०.४, १५ ला १३.७.

हा चढ लिमिटरच्या डोक्याला खरा ताप आहे. सपाट ऑडिओमध्ये निरुपद्रवी दिसणारा ‘स’, ज्याची शक्ती ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये असते, उचलल्यावर स्वराच्या बरोबरीला येऊन उभा राहतो. म्हणून एफएमच्या प्रोसेसरमध्ये प्री-एम्फसिस आधी आणि लिमिटर नंतर असतो: आधी उचल, मग उचललेलं मोज, मग काप. संगीतासाठी स्टुडिओत वापरतात तो सपाट लिमिटर इथे बसवला तर तो शिखर धरतोच, पण चुकीच्या जागी.

मला शंका आली ती अशी. जुना एक्सायटर प्रोसेसरकडून तयार सिग्नल घ्यायचा. नव्याला डावा-उजवा ऑडिओ दिलेला होता आणि त्याच्यात डाव्या-उजव्यापासून एमपीएक्स बनवणारा स्वतःचा स्टिरिओ कोडर होता. प्रोसेसर आपला ऑडिओ उचलूनच बाहेर देत होता. मग एक्सायटरमधलं प्री-एम्फसिस कोणी बंद केलं? मेनूत पाहिलं तर कारखान्यातून आलं तसं, ५० मायक्रोसेकंदांवर, चालू.

पाहून खात्री वाटली तरी मोजल्याशिवाय लिहायचं नाही, हा माझा हट्ट. प्रोसेसर बायपासमध्ये टाकला, म्हणजे लिमिटर बंद पण प्री-एम्फसिस चालू. १ किलोहर्ट्झचा टोन पूर्ण पातळीच्या २६ डेसिबल खाली ठेवला, म्हणजे दोनदा उचलला तरी छताला लागू नये. पायलट बंद करून डेव्हिएशन ३.३ किलोहर्ट्झ आलं. इनपुटची पातळी न हलवता टोन १० किलोहर्ट्झ केला. एकदाच उचलला गेला असता तर साधारण १०.४ यायला हवं होतं. आलं ३२.८. दहाऐवजी वीस डेसिबलचा चढ. मुलामा दोनदा लागत होता.

आता सगळे धागे एका गाठीत आले. तंत्रज्ञाचा टोन १ किलोहर्ट्झचा होता, तिथे दुहेरी चढसुद्धा डेसिबलच्या आतच राहतो, म्हणून १०० टक्के सुंदर जुळले. चकचकीतपणा हा रेडिओने एकदाच उतरवलेल्या दुहेरी मुलाम्याचा उरलेला थर होता. लिमिटर आपलं काम चोख करत होता, पण त्याने ६६.२५ वर छाटलेला ‘स’ एक्सायटर पुन्हा उचलून १०९ पर्यंत नेत होता. त्यात पायलट आणि आरडीएस मिळवले की नियामकाचा ११८ हा आकडा येतो.

आणि बारीक आवाज? ४ डेसिबल कमी करताना ‘स’ खाली आला, त्याच्यासोबत सगळंच खाली आलं. स्वर, ढोल, गाण्याचा गाभा, ज्यांना दुहेरी चढाचा काही लाभ नव्हता, ते ४२ किलोहर्ट्झवर अडकले. त्यांना त्याच्या वर जायला परवानगीच नव्हती, लिमिटर कितीही हाणला तरी. उलट जास्त हाणल्याने छाटलेल्या लहरींच्या वरच्या हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींतल्या लहरी) वाढल्या आणि दुसऱ्या चढाने त्याच उचलल्या. ७८ च्या आसपास यायला हवं होतं ते ८४ होण्याचं कारण हेच.

मी हे समजावत असताना ऑपरेटरने विचारलं, “सर, मग एक्सायटरमध्येच लिमिटर आहे की! तो चालू केला तर सगळं दाबलं जाईल ना?” प्रश्न अगदी रास्त आहे आणि बरेच जण नेमकं हेच करतात. पडद्यावर ७५ दिसू लागतं आणि विषय संपतो. पण तो लिमिटर स्टिरिओ कोडरच्या पुढे बसतो. तो काय कापतोय हे त्याला माहीत नसतं. ऑडिओसोबत पायलटही कापतो, आणि कापल्याने निर्माण झालेला कचरा १९ च्या आजूबाजूला, वजाबाकीच्या पट्ट्यात आणि ५७ च्या आरडीएसवर पडतो. चांगल्या रचनेचा आणि नंतर नीट गाळणारा कंपोझिट क्लिपर, म्हणजे एमपीएक्सच छाटणारा लिमिटर, अर्धा-एक डेसिबलचं अधूनमधून डोकावणारं शिखर उतरवायला चालतो. चार डेसिबलची चूक झाकायला नाही.

बंद केलं, तरी ९१

एक्सायटरचं प्री-एम्फसिस बंद केलं, टोनने पातळी पुन्हा वर आणली. गाभा ४ डेसिबलने वर आला, आवाज एकदम भरला. मला वाटलं, झालं काम. कार्यक्रम लावला आणि यंत्रावर ९१.

हे पाहून मला क्षणभर राग आला, मग स्वतःवर आला. लिमिटर स्टुडिओत आहे आणि त्याच्यानंतर लिंकचा कोडेक, म्हणजे आवाज आकसून पाठवणारी एन्कोडर-डीकोडरची जोडी, आहे, हे मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं.

छाटलेल्या लहरीचा माथा सपाट दिसतो. तो सपाट असतो कारण मूळ सूर आणि त्याच्या हार्मोनिक नेमक्या प्रमाणात, नेमक्या वेळेला एकमेकांना धरून असतात. एकीला धक्का लावा, माथ्यावर उंचवटा येतो. सोपं उदाहरण: ६ किलोहर्ट्झची लहर छाटून चौकोनी केली आणि मग १५ किलोहर्ट्झच्या फिल्टरमधून पाठवली. तिसरी हार्मोनिक १८ वर, ती गेली. उरलेली साइन लहर चौकोनाच्या उंचीपेक्षा २७ टक्के उंच असते. काहीही वाढवलं नाही, फक्त काढून टाकलं, आणि शिखर २.१ डेसिबल चढलं. म्हणूनच १९७५ साली आलेल्या ऑप्टिमोड ८००० ने लिमिटर, १५ किलोहर्ट्झचे फिल्टर आणि स्टिरिओ कोडर एकाच डब्यात आणले. फिल्टर छाटणीनंतर कुठेतरी वेगळा बसला की ही उसळी आवरायला कोणीच उरत नाही.

लिंकचा कोडेक हे त्याहून जास्त करतो. कानाला कळणार नाही असं जे त्याला वाटतं ते तो टाकतो. कानाला खरंच कळत नाही, पण शिखराला कळतं. शिवाय त्याचं कानाविषयीचं गणित सपाट ऑडिओसाठी बांधलेलं असतं आणि आपण त्याला उचललेला ऑडिओ देत होतो, म्हणजे तो बिचारा बिट चुकीच्या ठिकाणी खर्च करत होता. ६६ चे ८२ झाले होते, १.९ डेसिबलची उसळी. पायलट-आरडीएस धरून ९१.

दोन मार्ग होते. पातळी १.९ डेसिबल खाली घेणे, हा पहिला. कागदावर नियम पाळला जातो आणि आवाज कायमचा तेवढा हरवतो. दुसरा, प्रोसेसर उचलून टेकडीवर नेणे. मॅडमचा आक्षेप असा की प्रोसेसर स्टुडिओत असला की हाताशी असतो. मला तर तेच नको होतं. पण ते मी बोललो नाही.

प्रोसेसर टेकडीवर गेला. लिंकवरून आता सपाट, न छाटलेला ऑडिओ जातो. साधारण पातळी ऋण १८ डीबीएफएस (डिजिटल छताच्या १८ डेसिबल खाली), शिखरांना वर मोकळी जागा. कोडेकने शिखर दोन डेसिबल उसळवलं तरी कोणाला काय, लिमिटर अजून पुढे आहे. प्रोसेसरचाच स्टिरिओ कोडर वापरून एमपीएक्स एका छोट्या केबलने थेट एक्सायटरमध्ये दिला. एक्सायटरचं प्री-एम्फसिस, कोडर, लिमिटर, सगळं बाद. त्याने आता फक्त सरकायचं.

पातळी लावताना क्रम पाळला. प्रोसेसरमध्ये आधी पायलट ९ टक्के, आरडीएस २ किलोहर्ट्झ, मग ऑडिओचं छत. ही आपसातली प्रमाणं प्रोसेसरच्या आत ठरतात. एक्सायटरचं इनपुट सगळ्यांना एकत्र वर-खाली करतं, म्हणून तिथे एकच गोष्ट करायची: पायलट ६.७५ किलोहर्ट्झ दिसेपर्यंत फिरवायचं. पायलट स्थिर असतो, कार्यक्रम चालू असतानाही मोजता येतो. तो बरोबर आला की बाकीचे आपोआप आपल्या जागी. यंत्र पायलट अर्धा टक्का चुकीचा मोजत असेल तर पूर्ण पातळीही त्या प्रमाणात चुकेल, म्हणून शेवटी टोनने एकूण ७५ एकदा पडताळलं.

मधला डबा

दिवसभर आकडा ७५ ला चिकटून होता. संध्याकाळी केंद्राची ओळखधून वाजली आणि यंत्र ७९ वर गेलं. पुढच्या वेळी पुन्हा ७९. इतर काही वाजलं की नाही, फक्त तीच धून. तिच्यात खालच्या सुरांचा एक लांब, जड ठोका आहे.

वरच्या वारंवारतांचा संबंध नाही म्हणजे खालच्यांचा. प्रोसेसरच्या जागी ५० हर्ट्झची चौकोनी लहर दिली आणि एक्सायटरच्या इनपुटला ऑसिलोस्कोप लावला. माथा सपाट हवा होता, तो उताराला लागलेला होता, छपरासारखा. उतार म्हणजे सुरुवातीचं टोक उंच. ते टोक ६ टक्के वर होतं.

केबल हाताने चाचपत गेलो. रॅकच्या मागे, तारांच्या गुंत्यात, आगपेटीपेक्षा थोडा मोठा एक डबा. ऑपरेटर म्हणाला, “तो हमसाठी लावलाय सर, नवा एक्सायटर आला तेव्हापासून तिथेच आहे. प्रोसेसर आणला तेव्हा मीच त्याच्यातून जोडला.” भूसंपर्काच्या फेऱ्यामुळे येणारी ५० हर्ट्झची गुणगुण घालवायचा आयसोलेशनचा डबा. ऑडिओसाठी उत्तम. पण तो २ हर्ट्झच्या आसपास कापायला लागतो. २ हर्ट्झ कोणाला ऐकू येतात? कोणालाच नाही. तरी ५० हर्ट्झच्या छाटलेल्या लहरीला तेवढं पुरतं, कारण फेज त्याच्या बरीच वर वळायला लागते. अशा लहरीचा माथा एक टक्क्याच्या आत सपाट ठेवायचा असेल तर वाटेतल्या साधनाने ०.१६ हर्ट्झपर्यंत खाली उतरायला हवं. एमपीएक्सच्या केबलवर जवळजवळ डीसीपासून ५८-६० किलोहर्ट्झपर्यंत सरळ रस्ता लागतो. ऑडिओचा कुठलाही डबा तिथे घालू नये.

डबा काढला. गुणगुण परत आली, अर्थातच. एक्सायटरचं एमपीएक्स इनपुट बॅलन्स्ड होतं, तसं वापरून शील्ड एकाच टोकाला जोडली आणि दोन्ही यंत्रं एकाच फेजच्या, एकाच अर्थिंगच्या पट्टीवर आणली. गुणगुण गेली. ओळखधून: ७५.२. मग सगळं ०.१ डेसिबलने खाली घेतलं.

मोठा आवाज कोणाला म्हणायचं

शिखराचा प्रश्न सुटला, की लोकांना वाटतं मोठेपणाचाही सुटला. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सतत ७५ ला टेकणारा शांत संवाद आणि सतत ७५ ला टेकणारा दाबून भरलेला गोंगाट, दोघांचं शिखर एकच. काही देशांत म्हणून दुसरी मोजपट्टीही लावतात. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) बीएस.४१२ या शिफारशीनुसार पूर्ण एमपीएक्सची शक्ती, कोणत्याही ६० सेकंदांच्या सरासरीत, ±१९ किलोहर्ट्झ डेव्हिएशन देणाऱ्या एका साइन टोनच्या शक्तीहून जास्त नको. ७५ च्या टोनपेक्षा ती जवळपास १२ डेसिबल खाली असते. ही अट लागू असेल तिथे लिमिटर हाणून काही मिळत नाही, यंत्र स्वतःच पातळी उतरवतं. या केंद्राला ती लागू नव्हती. तरी मी मोजली, कारण घनता कुठे चाललीय हे त्या आकड्याइतकं प्रामाणिकपणे दुसरं काही सांगत नाही.

प्रोसेसरचं इनपुट उतरवून लिमिटर जास्तीत जास्त ४-५ डेसिबल दाबेल असं ठेवलं. मंद एजीसी (पातळी आपोआप सांभाळणारा भाग) स्टुडिओतल्या बारीक-मोठ्याची काळजी घेतो, लिमिटर फक्त टोकं धरतो. दोघांना एकमेकांचं काम दिलं की पंपिंग, म्हणजे आवाजाचं वर-खाली हेलकावणं, सुरू होतं. आधीच्या १२ डेसिबलच्या दाबणीपेक्षा आवाज आता मोठा वाटतो, कारण गाभ्याला त्याचे ६६ किलोहर्ट्झ परत मिळाले आहेत.

मुख्य निवेदक मात्र नाराज. त्याला चकचकीतपणा हवा होता. त्याच्या म्हणण्यातही तथ्य होतं, इतके दिवस कान त्याला सरावले होते आणि नवा आवाज त्याला पांघरुणातून आल्यासारखा वाटत होता. प्रोसेसरच्या आत, लिमिटरच्या आधी, वरच्या पट्टीला २ डेसिबल दिले. तिथे दिलेलं चालतं, कारण त्याचा हिशेब पुढचा लिमिटर ठेवतो. खिशातल्या साध्या रेडिओवर ऐकलं, गाडीतल्यावर ऐकलं. बातमीपत्रातला ‘परिषद’ आता नुसता शब्द होता. शेजारच्या वारंवारतेवर जाऊन दहा मिनिटं थांबलो, तिकडे त्यांचंच गाणं चाललं होतं.

वहीत मी दोन टोन लिहिले, १ आणि १० किलोहर्ट्झ, आणि त्यांच्यातला अपेक्षित फरक १० डेसिबल, बायपासमध्ये, २६ डेसिबल खालून. यापुढे जो कोणी काही बदलेल त्याने हे दोन्ही पाठवायचे.

तीन महिन्यांनी फेरमोजणीला गेलो. शिखर ७४.३, पायलट ६.७. स्टुडिओत कोणीतरी मिक्सरचा मास्टर ६ डेसिबलने वर ढकलून ठेवला होता, फेडर पार टोकाला. टेकडीवर त्याचा मागमूस नव्हता. एजीसीने तो मुकाट गिळला होता. फेडर खाली घेताना मी ऑपरेटरला विचारलं, हे कोणी केलं. तो निवेदकाच्या बंद दाराकडे पाहून हसला.